आधी जाळं सोडा

10 नोव्हेंबर 2009 च्या रात्री फयान चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याकडेनं उत्तरेला सरकत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अलिबाग आणि मुंबईच्या मधल्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 80 किलोमीटरच्या आसपास होता आणि समुद्रात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी होड्या अडकलेल्या होत्या. काही परत आल्या, काही आल्या नाहीत. वादळ खरं आहे, तारीख खरी आहे. पुढे सांगतो ती होडी मात्र गोष्टीतली, म्हणून तिला नाव नाही आणि तिच्यावरच्या माणसांनाही नाही.

होडी रत्नागिरीच्या बंदरातली, वाहत्या जाळ्याची. वर सात जण: होडीचा प्रमुख तांडेल, इंजिनचा ड्रायव्हर, जेवण रांधणारा भंडारी आणि चार खलाशी. चौघांतला एक अगदी कोवळा, त्याच हंगामात पहिल्यांदा दर्यावर आलेला. तांडेलाला सगळे तात्या म्हणत. त्याचं वय साठीकडे झुकलेलं. त्रिपुरी पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता, भांगाचे दिवस होते, पाण्याला फारशी ओढ नव्हती. सांजेला जाळं ओढून घेतलं तेव्हा आभाळ दक्षिणेकडून काळं होत आलं होतं. तात्यानं होडी बंदराकडे वळवली. पण वारा त्याच्याआधी पोचला.

रात्री दहाच्या सुमाराला लाटा नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, थेट केबिनवर आदळू लागल्या. होडी इतकी हेलकावत होती की डिझेलच्या टाकीच्या तळाशी बसलेला वर्षानुवर्षांचा गाळ ढवळून वर आला. तो फिल्टरमध्ये तुंबला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

दर्यावर ज्यानं रात्र काढलीय त्याला ठाऊक असतं, वाऱ्याच्या आवाजापेक्षा इंजिनाचं गप्प होणं माणसाला जास्त घाबरवतं. इंजिन गेलं की सुकाणूला अर्थ उरत नाही. होडी हळूहळू लाटेला आडवी होते, आणि आडव्या होडीला उलटायला एकच मोठी लाट पुरते.

मग सुरू झाले नवस.

ड्रायव्हरनं एकविरेला बोकड बोलला. एक खलाशी म्हणाला, चांदीचा डोळा वाहीन. दुसऱ्यानं गावच्या पिराला चादर कबूल केली. कोवळ्या पोरानं गणपतीपुळ्याचा नवस केला: तिथला डोंगरच देव मानतात, त्या डोंगराला अनवाणी प्रदक्षिणा घालीन. प्रत्येक लाटेबरोबर बोली वाढत होती. बोकडाचे दोन झाले, चादरीबरोबर कंदुरी आली. पोरानं तर घरच्या गायीचं वासरूसुद्धा देऊन टाकलं, ते अजून जन्मायचं होतं.

मी या माणसांना हसणार नाही. मरण डोळ्यांपुढे उभं असताना देवाची आठवण होते, यात लाजण्यासारखं काय आहे? आणि नवस ही आपल्याकडची फार जुनी, फार प्रामाणिक गोष्ट आहे. ज्याच्याकडे फारसं काही नाही, तो आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं पुढे करतो. पण त्या रात्री त्या होडीवर नवसांनी एक केलं. सातांपैकी पाच माणसं उद्याचा हिशोब मांडत बसली, आणि होडी आज, आत्ता, आडवी होत होती.

तात्या ओरडला, “जाळं सोडा!”

कुणाला कळेना. जाळं म्हणजे मालकानं कर्ज काढून घेतलेला माल. या तुफानात ते पाण्यात टाकायचं?

“नाळेला बांधा आणि सोडा. सगळं. बोयांसकट.”

ही युक्ती जुनी आहे. नाळेला दोर बांधून जड काहीतरी पाण्यात सोडलं की ते वाऱ्याबरोबर धावत नाही, पाण्यात रुतून मागे राहतं आणि नाळेला आपल्याकडे ओढून धरतं. होडी वाहत जातेच, पण तोंड लाटेकडे करून वाहते. दोघांनी कमरेला दोर बांधले, रांगत नाळेपर्यंत गेले, आणि जाळ्याचा ढीग पाण्यात ढकलला. दोर ताणला गेला. होडीनं एक मोठा हिसका खाल्ला, मग सावकाश, जड अंगाच्या गाईसारखी वळली. पुढची लाट समोरून आली. होडी वर चढली आणि खाली उतरली.

एवढं झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा तात्यानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सात माणसं एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसली. पोराला उलट्या होत होत्या. तात्याचे हातही थरथरत होते, ते त्यानं लपवले नाहीत.

तो म्हणाला, “माझ्या फळ्या अजून धरून आहेत. देवा, तुझे उपकार.”

कुणी काही बोललं नाही.

“आता तुम्ही सांगा. एकेक जण. जे आत्ता हातात आहे तेवढंच सांगायचं. उद्याचं नाही.”

ड्रायव्हर उसळला. “इंजिन बंद पडलंय, तात्या! जाळं गेलं. बायको-पोरं घरी वाट बघतायत. कशाचे उपकार मानू?”

“तू शेवटी सांग,” तात्या म्हणाला.

भंडारी बोलला. सांजेचा भात त्यानं झाकण बांधून ठेवला होता, तो सुका होता. पाण्याचं पिंप फुटलेलं नव्हतं. त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू घरी बायकोला स्वयंपाकघरातलं सांगतोय. पिराला चादर बोललेला खलाशी म्हणाला, “शुक्र आहे, निघायच्या दिवशी पोरीचं तोंड बघून आलो. झोपली होती, उठवली नाही.” एकाला काही सुचेना. तात्या म्हणाला, “श्वास चाललाय ना? तेवढं सांग.” त्यानं तेवढंच सांगितलं, आणि सांगता सांगता रडला. पोरगा म्हणाला, “दोर.” त्याच्या कमरेला अजून तो दोर होता, ज्याचं दुसरं टोक नाळेवर असताना भंडाऱ्यानं धरून ठेवलं होतं.

पाळी फिरून परत पहिल्याकडे आली. मग पुन्हा फिरली. दुसऱ्या फेरीला माणसं जास्त बारीक बघू लागली. कुणाला होकायंत्र आठवलं, कुणाला आपले दोन्ही हात, कुणाला लहानपणी पोहायला शिकवणारा आजा.

भीती गेली का? नाही. दर मोठ्या लाटेला सातांचेही श्वास अडकत होते. भीती हे पाप आहे, श्रद्धा असली की भीती वाटत नाही, असं काही लोक शिकवतात. मला हे शिकवणं क्रूर वाटतं. भिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आधीच भीतीचं ओझं असतं, त्यावर आपण आणखी अपराधाचं ओझं ठेवतो. तात्या भीत होता. भीत भीतच तो देवाचे उपकार मानत होता, आणि माझ्या मते विश्वास म्हणतात तो हाच. न घाबरणाऱ्या माणसाला विश्वासाची गरज कुठे पडते?

भीतीनं माणसाची नजर आखूड होते. तिला एकच गोष्ट दिसते, समोरून येणारी. आपल्या पायाखाली काय आहे, बाजूला कोण बसलंय, हे दिसेनासं होतं. तात्यानं त्या सहा जणांना वादळाकडे पाठ करायला सांगितलं नाही. वादळाबरोबर आणखी काय काय आहे, ते बघायला सांगितलं.

पहाटेच्या सुमाराला ड्रायव्हरची पाळी आली. सगळ्या फेऱ्यांत तो गप्प होता. तो बराच वेळ बोलला नाही, मग हळूच म्हणाला, “केबिनमागे एक कॅन बांधलाय.”

“कसला?”

“डिझेलचा. गेल्या खेपेला भरून ठेवला होता. बुचाला प्लॅस्टिक गुंडाळलंय. त्यात गाळ नाही.”

सगळ्यांना माहीत असलेला कॅन तो. रात्रभर प्रत्येकाचा पाय त्याला लागला असेल. टाकी सोडून द्यायची आणि नळी थेट कॅनमध्ये घालायची, एवढं साधं काम. पण जो माणूस बोकडांच्या संख्येत अडकला होता, त्याला ते रात्री दिसलं नाही. ड्रायव्हर रांगत बाहेर गेला आणि कॅन घेऊन आला. पोरानं विजेरी धरली. फिल्टर काढून पुसला, नळी कॅनमध्ये सोडली, आत अडकलेली हवा काढली. इंजिन पहिल्यांदा लागलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. मग लागलं.

एव्हाना उजाडत होतं आणि वारा फिरला होता. वादळाचा मध्य उत्तरेला सरकला तसा दक्षिणेचा वारा पश्चिमेचा झाला, म्हणजे आता तो होडीला किनाऱ्यावरच्या खडकांकडे ढकलत होता. रात्रभर वाहत वाहत ते गणपतीपुळ्याच्या पुढे आले होते. जाळं असंच लटकत राहिलं असतं तर इंजिनाची ताकद त्यातच गेली असती. तात्यानं कोयता मागितला. ज्या जाळ्यानं रात्रभर जीव धरून ठेवला, ते त्यानं स्वतः तोडलं. तोडण्याआधी दोराला हात लावून कपाळाला लावला. मग होडी जयगडच्या खाडीत शिरली. शास्त्री नदीचं ते मुख वादळात दर्यावर्दींना पिढ्यान्‌पिढ्या आसरा देत आलंय. आत आणखी होड्या नांगरून होत्या. वारा होता, पण लाट मेली होती.

इथं गोष्ट संपवता आली असती. बऱ्याच बोधकथा इथंच संपतात. उपकार मानले, देवानं वाचवलं, घरी गेले. पण तसं सांगितलं तर मी खोटं बोललो असं होईल, कारण त्याच बंदरातली दुसरी एक होडी परत आली नाही. तिच्यावर चार माणसं होती.

वारा पडल्यावर तात्याची होडी बंदरात आली तेव्हा धक्क्यावर बायका उभ्या होत्या. त्यातली एक त्या चौघांपैकी एकाची. उतरल्या उतरल्या कोवळ्या पोरानं उत्साहाच्या भरात रात्रीची हकीकत आईला सांगितली, आणि धक्क्यावर गोष्टी वाऱ्याहून लवकर पसरतात. ती बाई तात्यासमोर येऊन उभी राहिली.

“तात्या, तुम्ही उपकार मानलेत म्हणून तुम्ही आलात म्हणतात. माझ्या माणसानं मानले नसतील का? तेवढं राहिलं म्हणून बुडाला का तो?”

असा प्रश्न ज्याला कुणी कधी विचारला नाही, त्यानं देवाच्या कृपेविषयी फार मोठ्यानं बोलू नये, असं मला वाटतं.

तात्या खाली बसला. तिलाही बसवलं. म्हणाला, “पोरी, तुझा नवरा माझ्याकडे दोन हंगाम होता. माझ्याहून भाविक होता तो. रोज नाळेला फूल वाहिल्याशिवाय होडीवर चढत नव्हता. त्यानं नक्की मानले असतील, माझ्याहून जास्त. आम्ही आलो ते आमच्या बोलण्याला भुलून देवानं आणलं म्हणून नाही. देवाला किंमत मोजून आम्ही जीव विकत घेतला नाही. असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नकोस. मी सांगितलं तरी ऐकू नकोस.”

“मग कशाला मानायचे?”

“अंधारात माझा हात कुणाच्या तरी हातात आहे, एवढं कळावं म्हणून. बुडालो असतो तरी तो हात सुटला नसता, असं मी धरून चालतो. तुझ्या माणसाचाही सुटला नसणार.” मग जरा थांबून म्हणाला, “तू आज कशाचेही उपकार मानायचे नाहीस. तुला कुणी मान म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. आज तू रड.”

ती रडली. तात्या उठून गेला नाही.

रात्री पोरगा तात्याच्या ओट्यावर आला. त्याला दोन गोष्टी टोचत होत्या. एक, नवसाचं काय करायचं. तात्या म्हणाला, “शब्द दिलास ना? मग फेड. घाबरून दिला म्हणून खोटा होत नाही.” दुसरी, पोरानं पुढे विचारली ती, जास्त अवघड होती. भजनात त्यानं तुकोबांचं ऐकलं होतं. दुष्काळात दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, आणि तुकोबा देवाला म्हणतात की हे सगळं झालं ते बरंच झालं. मग आपणही वादळ आलं ते बरं झालं असं म्हणायचं का?

तात्यानं बराच विचार केला. तो शिकलेला नव्हता, पण वरवरचं उत्तर देणारा नव्हता. “तुकोबांचं घर बुडालं होतं, म्हणून ते तसं बोलू शकले,” तो म्हणाला. “दुसऱ्याचं घर बुडालेलं असताना मी ते कोणत्या तोंडानं बोलू? माझी तेवढी पोच नाही. वादळासाठी मी उपकार मानत नाही. वादळात मानतो. वादळात जे उरलंय त्याचे मानतो. बाकीचं त्याला विचारायचं राहिलंय, ते विचारीन कधीतरी.”

मला या उत्तरात मोठं धैर्य दिसतं. संकट हेच वरदान आहे असं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि ते बहुतेक दुसऱ्याच्या संकटाविषयी बोलत असतात. तात्यानं वाईटाला वाईटच म्हटलं. त्या वाइटाच्या पोटात उभं राहून त्यानं चांगल्याला चांगलं म्हटलं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही देवापुढे मांडायला त्याला भीती वाटली नाही.

तटरक्षक दलाची जहाजं बेपत्ता होड्यांचा शोध घेत होतीच. तरी दुसऱ्या दिवशी बंदरातल्या काही होड्यांनी आपणहून निघायचं ठरवलं. तात्या निघाला. ड्रायव्हरनं रात्रभर जागून टाकी उपसली होती, तळ कापडानं पुसला होता, आणि केबिनमागे एका कॅनच्या जागी आता दोन बांधले होते. भंडारी तांदूळ मोजून घेत होता. धक्क्यावर बसलेल्या त्या बाईनं विचारलं, सात माणसांना एवढे तांदूळ कशाला?

“अकरा जणांचे घेतलेत,” भंडारी म्हणाला. “सापडले तर उपाशी असतील.”

ती उठली आणि घराकडे गेली. परत आली तेव्हा हातात नवऱ्याचा कोरडा सदरा आणि लुंगी होती. भंडाऱ्यानं ती पिशवीत घालून वर, न भिजणाऱ्या जागी टांगली.

कोवळा पोरगा मात्र धक्क्यावरच उभा राहिला. पाण्याकडे बघून त्याचे पाय थिजले होते. आई म्हणत होती, आज नको जाऊस. तात्यानं त्याला ये म्हटलं नाही आणि नको येऊस असंही म्हटलं नाही. दोर सोडायची वेळ आली तेव्हा पोरगा स्वतःच उडी मारून वर आला. बंदराचं तोंड ओलांडून होडी मोकळ्या पाण्यात गेली तशी पहिली लाट नाळेखाली आली आणि त्यानं तात्याचा दंड घट्ट धरला.

“तात्या, लई भ्या वाटतंय. कुठून सुरू करू?”

“इंजिनापासून कर,” तात्या म्हणाला. “चालू आहे ना?”